शुश्रूषागृहाची पारख

(आपल्या संस्थेच्या वार्षिक संमेलनात, ज्येष्ठ शुश्रूषा समितीच्या वतीने केलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर होऊन चहापानाची वेळ झाली असता एका ज्ञातिभगिनीने उभे राहून विचारले की, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना ठेवण्याजोगी चांगली जागा संस्था सुचवू शकेल काय. प्रश्न साधा होता. परंतु सभागृहात जी शांतता पसरली ती साधी नव्हती. कित्येकांनी माना खाली घातल्या. त्यांतील काहींच्या घरी हाच प्रश्न उभा होता, आणि काहींनी तो कोणास कळू न देता सोडवलाही होता, हे आम्हांस मागाहून समजले. कार्यकारी मंडळाने आम्हा तिघांची एक समिती नेमली. आमच्यापैकी एक भगिनी सरकारी रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका होत्या. दुसरे सदस्य विमा कचेरीतून निवृत्त झालेले. आणि तिसऱ्याच्या पदरी अनुभव होता तो स्वतःच्या वडिलांची सात वर्षे घरी शुश्रूषा केल्याचा. वर्षभरात आम्ही नऊ ठिकाणे पाहिली, त्यांतील काही दोनदोन वेळा.

आज आम्ही त्या नऊ ठिकाणांची यादी वाचून दाखवू अशी काहींची अपेक्षा असेल. ती आम्ही वाचणार नाही, आणि त्यास कारण आहे. शुश्रूषागृहाची कीर्ती दुधासारखी असते. कालची आज चालत नाही. एखादी कर्तबगार मेट्रन निघून गेली, दोन जुन्या मावशी गावी परतल्या, की सहा महिन्यांत तीच जागा ओळखू येईनाशी होते. आमची यादी खिशात घालून कोणी निःशंक मनाने आपल्या मातोश्रींना तेथे सोडून आला तर त्यात त्यांचे हित होणार नाही. म्हणून जागेऐवजी पारख कशी करावी हेच सांगण्याचे आम्ही ठरवले आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते पेठेतील डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे इस्पितळ. जेथे बाळंतपणे होतात, अपेंडिक्स काढले जाते आणि चार दिवसांनी मनुष्य घरी येतो. इंग्लंड-अमेरिकेत हाच शब्द ज्या घरासाठी वापरतात तेथे दुर्बळ झालेला वृद्ध मनुष्य महिनोन्महिने, बहुधा अखेरपर्यंत राहतो. निराधार वृद्धांना आसरा देणाऱ्या संस्था आपल्याकडे नव्या नव्हेत. पुण्याचा ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला. नवे आहे ते हे की, घरात माणसे असूनही अंथरुणावरच्या शुश्रूषेसाठी दरमहा शुल्क भरून वृद्धांना बाहेर ठेवावे लागते. मुले परदेशी, सुना-मुली नोकरीला, घर दोन खोल्यांचे, आणि रात्रीची बाई मिळाली तरी टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली होती, तेव्हा ही अडचण आपल्या ज्ञातीपुरती आहे असेही नाही. या गरजेतून वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र, केअर सेंटर अशा नाना नावांची घरे उघडली. पाटीवरील नावावरून आत काय मिळते याचा काहीच बोध होत नाही.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. १९४९ सालचा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, आजारी, जखमी किंवा दुर्बळ माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करणाऱ्या जागेस लागू होतो, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी ठिकाणी लावलेले असावे असा त्यात दंडक आहे. आम्ही प्रत्येक ठिकाणी प्रथम भिंतीकडे पाहिले. काही ठिकाणी प्रमाणपत्र होते. काही ठिकाणी आमच्यापुढे सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीचा कागद ठेवण्यात आला. तो कागद १९५० च्या न्यासविषयक कायद्याचा. त्याचा संबंध मिळकतीशी आणि हिशेबाशी, खाटेवरच्या माणसाशी नव्हे. एका चालकांनी तर, “आम्ही हॉटेल म्हणून चालवतो, म्हणजे कटकट नाही,” असे मोठ्या मोकळेपणाने सांगितले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक केंद्रीय कायद्याने निदान प्रत्येक जिल्ह्यात एक वृद्धाश्रम काढण्याची कल्पना मांडली आहे. पण ती निर्धन वृद्धांसाठी आहे. सारांश, कागद पाहावा, नसल्यास का नाही ते विचारावे, आणि कागद आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

मग समाधान कशावर मानावे? या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला त्यांत अव्हेडिस डोनाबेडियन या बैरूत येथे जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत अध्यापन केलेल्या वैद्याचे नाव अग्रगण्य आहे. १९६६ साली त्यांनी वैद्यकीय सेवेचे मूल्यमापन तीन अंगांनी करावे असे सुचवले. पहिले अंग साधनांचे: इमारत, उपकरणे, माणसे. दुसरे कृतीचे: प्रत्यक्ष काय केले जाते. तिसरे फळाचे: त्या केल्याने माणसाचे काय झाले. आपण नातेवाईक मंडळी बहुतेक पहिल्या अंगापाशीच थांबतो. संगमरवरी फरशी, मत्स्यालय, गणपतीची सुबक मूर्ती, लिफ्ट, दूरदर्शन संच, हे पाहून आपले मन निवते. वस्तुतः यांतील एकाही गोष्टीने पलंगावरच्या माणसाची कूस बदलली जात नाही. आम्ही पाहिलेल्यांत सर्वांत देखणी जागा कोणती ते आम्हांस आठवते, आणि आपल्या आप्तांस आम्ही तेथे ठेवणार नाही हेही आठवते.

कूस बदलण्याचा उल्लेख आला, त्यावर थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे, कारण आमच्या मते साऱ्या परीक्षेचा गाभा तेथेच आहे. ज्याला स्वतःहून वळता येत नाही त्याच्या अंगाचा भार माकडहाड, टाचा, खुबे, कोपर अशा हाडांच्या उंचवट्यांवर पडून राहतो. तेथील रक्त अडते, कातडे मरते आणि जखम होते. यालाच शय्याव्रण किंवा सर्वांच्या तोंडी असलेला ‘बेडसोअर’ म्हणतात. इंग्लंडमधील डोरीन नॉर्टन या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह १९६२ साली वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि धोका ओळखण्याचे एक साधे मोजमाप दिले. शारीरिक प्रकृती, मनाची अवस्था, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा, या पाचांना प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज चौदा किंवा त्याहून कमी आली की तो माणूस धोक्यात आहे असे समजावे. हे मोजमाप करण्यास यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही, पाच मिनिटे लागतात. दाखल करून घेताना असे काही मोजता काय, असे आम्ही नऊही ठिकाणी विचारले. दोन ठिकाणी होकार मिळाला.

अशा माणसास साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे असा परिपाठ आहे. हवेची गादी असली तर उत्तम. पण हवेची गादी आहे म्हणून वळवत नाही, असे उत्तर मिळाले तर तेथून उठावे. बऱ्याच ठिकाणी पलंगाच्या पायथ्याशी वळवल्याची नोंद करण्याचा तक्ता लटकवलेला असतो. तो पाहण्याची आमच्या परिचारिका भगिनींची रीत निराळी. त्या तक्त्यातील आकडे पाहत नाहीत, शाई पाहतात. एके ठिकाणी दुपारी चार वाजता आम्ही गेलो असता तक्त्यात सायंकाळी सहाची आणि आठचीही नोंद झालेली होती, त्याच पेनने, त्याच अक्षरात, डावी कूस आणि उजवी कूस अशी व्यवस्थित आलटून पालटून. ते शुश्रूषागृह नोंदी ठेवण्यात खरोखरच काळाच्या पुढे होते! याउलट दुसऱ्या ठिकाणी तक्त्यावर तीन निरनिराळी अक्षरे, कोठे खाडाखोड, एके ठिकाणी ‘आजी रागावल्या, अर्ध्या तासाने वळवले’ असा शेरा. त्या मळकट कागदावर आमचा विश्वास बसला.

तथापि कागदापेक्षा अंग अधिक खरे बोलते. आपल्या माणसाच्या टाचा आणि माकडहाड स्वतः पाहावे. लाली दिसली तर बोटाने दाबावे. दाबल्यावर ती क्षणभर फिकी पडत असेल तर अद्याप वेळ आहे, पडत नसेल तर व्रणाची पहिली पायरी चढली गेली. आपल्या सावळ्या वर्णाच्या माणसांत लाली चटकन दिसत नाही. तेथे हात लावून ती जागा गरम, टणक किंवा भोवतालपेक्षा निराळी लागते काय ते पाहावे. नखे कापलेली आहेत काय, मांड्यांच्या सांध्यात पुरळ आहे काय, तोंडात कवळीखाली अन्न अडकून राहिले आहे काय, चष्मा पुसलेला आहे काय, कानातल्या यंत्राची बॅटरी जिवंत आहे काय. यास कोणी क्षुल्लक म्हणेल. परंतु चष्मा आणि श्रवणयंत्र काढून कपाटात ‘सुरक्षित’ ठेवलेला मनुष्य आठ दिवसांत गोंधळलेला दिसू लागतो आणि मग त्यास स्मृतिभ्रंश झाला असे आपणास सांगण्यात येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकातच बजावले होते की, ज्यास आपण रोगाचे लक्षण म्हणतो ते पुष्कळदा शुश्रूषेच्या उणिवेचे लक्षण असते. आम्हांस तर याचा पदोपदी प्रत्यय आला.

पाण्याचे असेच आहे. म्हातारपणी तहान मंदावते. मागितल्याशिवाय पाणी द्यायचे नाही असा क्रम ठेवला तर मनुष्य कोरडा पडतो, लघवी गढूळ होते, जंतुसंसर्ग होतो, बडबड सुरू होते. आणि एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही ती आम्ही बोलतो: पाणी कमी पाजले की कपडे कमी बदलावे लागतात. म्हणून पाण्याचा पेला कोठे ठेवला आहे ते पाहावे. हात पोहोचत नाही अशा कपाटावर झाकण घालून ठेवलेला पेला हा देखावा होय. जेवणाच्या वेळी हजर राहावे. आमटी-भात कालवून भरवणारी बाई चार तोंडांना एकाच वेळी घास देत आहे, की एकाजवळ बसून गिळण्याची वाट पाहत आहे? भरवताना त्याला नीट बसते केले आहे, की आडवेच ठेवून घास लोटला जात आहे? आडव्या माणसाचा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. आणि वजन दरमहा घेतात काय हे अवश्य विचारावे. न ठरवता महिन्यात वजनाचा विसावा भाग घटला, म्हणजे पन्नास किलोच्या आजींचे अडीच किलो गेले, तर ती चिंतेची बाब समजतात. शुल्काची पावती दरमहा मिळते, तर वजनाचा आकडा मिळण्यास काय हरकत असावी?

आता एक फसवी गोष्ट. “आमच्याकडे गेल्या वर्षात एकही पेशंट पडला नाही,” असे एका ठिकाणी अभिमानाने सांगण्यात आले. विमा कचेरीतून आलेल्या आमच्या सदस्यांनी लगेच विचारले, “चालतात किती?” उत्तरादाखल आम्हांस जे दालन दाखवण्यात आले त्यात बारा माणसे खुर्च्यांत बसली होती आणि सात जणांच्या कंबरेला ओढणीने किंवा पट्ट्याने गाठ मारलेली होती. ज्यास उठूच दिले जात नाही तो पडणार कसा? आठवडाभर बांधून ठेवलेले पाय पुढे आपले आपणच चालेनासे होतात, आणि सुटण्याच्या धडपडीत होणारी इजा तर निराळीच. अमेरिकेत अशा बांधण्याचा फार सुळसुळाट झाला होता. तेथील वैद्यक संस्थेने १९८६ साली त्या घरांच्या स्थितीवर अहवाल दिला आणि १९८७ साली कायदा होऊन, केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणास बांधू नये असा नियम झाला. बांधण्याचा दुसरा एक प्रकार दिसत नाही, तो गोळीचा. रात्री ओरडणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या माणसाला मनोविकारावरील औषध देऊन शांत केले जाते आणि मग तो दिवसाही पेंगतो. अशा वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला व २००८ साली तो अशा जुन्या औषधांनाही लागू केला. कोणतेही नवे औषध कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि किती दिवस, हे विचारण्याचा नातेवाइकांस पूर्ण अधिकार आहे. नाकातील नळी आणि लघवीची नळी यांचेही तेच. कधी ती आजारासाठी असते, कधी मनुष्यबळाच्या तुटीसाठी.

मनुष्यबळ हेच खरे दुखणे आहे. दिवसा अकरा वाजता पाहुण्यांस दिसणारी माणसे मोजून उपयोग नाही. रात्री दोन वाजता किती असतात, त्यांतील प्रशिक्षित परिचारिका किती, आणि दोघींनी धरल्यावाचून न वळणारे रुग्ण किती, हे विचारावे. रात्री वीस खाटांना एकच मावशी असेल तर ती कितीही मायाळू असो, दर दोन तासांचा नियम तिने पाळणे अंकगणितातच बसत नाही. मग तिला सकाळी आठच्या आत सर्वांच्या आंघोळी उरकायच्या असतात, म्हणून पहिल्या आजींना पहाटे साडेतीनला उठवले जाते. आपल्या आईची आंघोळ किती वाजता होते हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे? बहुतेक मावशी आणि मामा ब्युरोमार्फत येतात, बारा-बारा तास राबतात, आणि पंधरा दिवसांत दुसरीकडे पाठवले जातात. त्यांना बोल लावणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. जी बाई आपल्या आईची शी काढते तिला सुटीचा दिवस मिळतो काय, तिच्या जेवणाची सोय आहे काय, हे पाहणे म्हणजे शुश्रूषागृहाचीच परीक्षा घेणे होय.

ज्या जागेने आमचे मन जिंकले ती एका जुन्या कौलारू बंगल्यात होती. रंगाचे पोपडे निघालेले, व्हरांड्यात वाळत घातलेल्या चादरींची रांग. मत्स्यालय नव्हते. एका मावशींना आम्ही कोपऱ्यातील आजोबांविषयी सहज विचारले. त्या म्हणाल्या, “यांना उजव्या कुशीवर फार वेळ ठेवायचं नाही, खांदा दुखतो. भाकरी दुधात कुस्करून दिली तर खातात, पोळीला तोंड लावत नाहीत. आणि पेपर वाचून दाखवला पाहिजे, कळो न कळो.” त्या तेथे सहा वर्षे होत्या. आमच्या परिचारिका भगिनी बाहेर पडताना म्हणाल्या की, त्यांच्या दृष्टीने तपासणी येथेच पुरी झाली. माणूस खाटेच्या क्रमांकाने ओळखला जातो की नावाने, त्याच्याशी बोलले जाते की त्याच्या डोक्यावरून त्याच्याविषयी बोलले जाते, एवढे कान देऊन ऐकले तरी पुष्कळ कळते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. ‘आजी, तू जेवलीस का?’ म्हणणारी मुलगी उद्धटच असते असे नव्हे. खेड्यातून आलेल्या पोरीच्या तोंडी ते एकवचन मायेचे असते. उलट ‘आपण’ म्हणत हिसका देणारेही आम्ही पाहिले.

कोणी म्हणेल, हे सारे पाहण्याचे काम सरकारने करावे आणि गुण द्यावेत. अमेरिकेने तसे केले आहे. २००८ सालापासून तेथे शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे दिले जातात. सरकारी तपासणी, मनुष्यबळ आणि सेवेचे काही आकडे यांवरून. त्याचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांतील मनुष्यबळाचे आणि सेवेचे आकडे आरंभी ती घरे स्वतःच कळवत असत, आणि स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच गुण भरायचे म्हटल्यावर काय होते ते शिक्षकांनी भरलेल्या या सभेत सांगणे नलगे. मनुष्यबळाची खातरी करण्यासाठी अखेर २०१६ पासून पगारपत्रकांवरून आकडे मागवावे लागले. इतके प्रबळ सरकार असूनही त्यांना ही ठेच लागली. आपल्याकडे तर असे तारे देण्याची राज्यव्यापी व्यवस्थाच नाही. तेव्हा तूर्त आपल्या माणसाचा निरीक्षक आपणच.

आणि येथेच आम्हांस जे सर्वांत कठीण वाटते ते बोलावे लागत आहे. आपल्या ज्ञातीत आईवडिलांना बाहेर ठेवणे हे अजून लाजिरवाणे मानले जाते. ‘गावाला गेल्या आहेत’, ‘बहिणीकडे असतात’ अशी उत्तरे आम्ही या वर्षात ऐकली, आणि नंतर त्याच मातोश्री आम्हांस एका शुश्रूषागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर भेटल्या. कोणाचा न्यायनिवाडा करण्यास आम्ही आलेलो नाही. घरी ठेवून न पाहणारी घरेही आम्हांस माहीत आहेत, आणि बाहेर ठेवून रोज डबा घेऊन जाणारे चिरंजीवही. आमचे म्हणणे निराळे आहे. लाज वाटणारा नातेवाईक भेटीस कमी जातो. गेला तर घाईने जातो, ओळखीचे कोणी दिसेल या धास्तीने. नळी का घातली हे तो विचारत नाही, कारण ‘मग घरी घेऊन जा’ असे उत्तर आले तर काय, ही भीती त्याच्या मनात असते. चालकांना हे पक्के ठाऊक असते. आठही दिवस ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही त्याचा पलंग दालनाच्या टोकाला कसा जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपण चोरून ठेवलेल्या माणसाची शुश्रूषाही चोरून कमी होते. लोक काय म्हणतील याची किंमत आपण भरत नाही. ती अंथरुणावरचा मनुष्य आपल्या कातड्याने भरतो.

म्हणून ठेवायचेच असेल तर उजळ माथ्याने ठेवावे, आणि ठरलेल्या चार ते सहा या वेळेखेरीज जावे. त्या दोन तासांत सर्वांचे केस विंचरलेले असतात, पावडर लावलेली असते. सकाळी साडेसातला, जेवणाच्या वेळी, रात्री नऊला, रविवारी, सणासुदीला जावे. अवेळी येण्यास बंदी असेल तर ती बंदी का, हे दाखल करण्यापूर्वीच विचारावे. दारात शिरताच वास आला म्हणून लगेच नाक मुरडू नये. वीस आजारी माणसे जेथे राहतात तेथे कधी तरी वास येणारच. तोच वास तासाभरानंतरही तेथेच असेल, किंवा फिनेलचा वास डोळ्यांत पाणी आणील इतका असेल, तर शंका घ्यावी. आणि ज्यांना बोलता येते त्यांच्याशी, कर्मचारी जवळ नसताना, दहा मिनिटे बोलावे. आपल्याच माणसाशी नव्हे, शेजारच्या खाटेशीही.

करारपत्राविषयी विमा कचेरीतील आमच्या सदस्यांनी चार गोष्टी सांगण्यास बजावले आहे. अनामत रक्कम केव्हा आणि किती परत मिळते. डायपर, औषधे, फिजिओथेरपी शुल्कात की वर. रात्री प्रकृती बिघडली तर कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या सोबतीने नेतात आणि तोवर खाटेचे भाडे चालू राहते काय. आणि मृत्यू आला तर दाखला कोणते डॉक्टर देतात. शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. पण तो न विचारल्यामुळे एका कुटुंबास मध्यरात्री जी धावाधाव करावी लागली ती आम्ही ऐकली आहे.

राहता राहिली संस्थेने काय करावे ही बाब. स्वतःचे शुश्रूषागृह काढावे अशी सूचना आली आहे, आणि त्यासाठी जागा देण्यास एक उदार सभासद तयार आहेत. त्यांचे आम्ही आभारी आहोत. तथापि जागा ही डोनाबेडियन यांच्या तीन अंगांतील पहिलीच होय, आणि रात्रपाळीची माणसे कोठून आणायची याचा हिशेब मांडल्यावाचून कोनशिला बसवू नये असे आमचे मत आम्ही कार्यकारी मंडळास लेखी कळवले आहे. तोवर आम्ही एक लहान काम सुरू करीत आहोत. ज्या कुटुंबांची माणसे शुश्रूषागृहात आहेत त्यांनी तसे आम्हांस कळवावे. नावे समितीबाहेर जाणार नाहीत. ज्यांना दर पंधरा दिवसांनी एक तास देता येईल अशा बंधु-भगिनींनी आपली नावे व सोयीचे वार द्यावेत. दोघांदोघांची जोडी करून आपण एकमेकांच्या आईवडिलांना, त्यांच्या घरच्यांच्या संमतीने, भेटून येऊ. परक्याच्या डोळ्यांना पुष्कळदा ते दिसते जे सवयीच्या डोळ्यांना दिसत नाही. ज्यांची स्वतःची माणसे दूर परदेशी आहेत त्या वृद्धांकडे प्रथम जाण्याचा आमचा विचार आहे. आजवर अकरा नावे आली आहेत, त्यांत पुरुष तीनच आहेत. नोंदवही सभागृहाच्या दारापाशी, वर्गणीच्या मेजाशेजारी ठेवली आहे; पेन बांधून ठेवले आहे, तेवढे मात्र कृपा करून सोडून नेऊ नये.